प्लायच्या अलीकडे

पलीकडे शेजाऱ्याने त्याच्या बायकोला विनोद सांगितला आणि इकडे माझी बायको हसली. आम्ही जेवत होतो. घास तोंडातच होता, त्यामुळे हसू आधी नाकातून आलं, मग तिने डाव्या हाताने तोंड दाबलं, तरी खांदे हलतच राहिले. विनोद काही जगावेगळा नव्हता. तो बसस्थानकावर घोषणा करतो. कोणती गाडी कुठल्या फलाटावर, कोणती उशिरा, कुणाचं मूल हरवलंय. कुणीतरी त्याच्या खिडकीशी येऊन विचारलं होतं की गर्दी नसलेली गाडी किती वाजता आहे, आणि हा म्हणाला होता, ती गेली, माझ्या जन्माच्या आधीच सुटली. झालं. यात एवढं काय आहे? त्याची बायको खिदळली ते समजू शकतो, तिचा नवराच आहे तो. पण ही? मी ताटातून मान वर न करता विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. ठसका लागला." आता लग्नाला सात वर्षं झालेल्या माणसाला बायकोचा ठसका कळत नाही का? ठसका लागला की ती पाणी मागते. तिने पाणी मागितलं नाही. तिने पोळीचा तुकडा मोडला आणि तो खाताखाता पुन्हा एकदा मनातल्या मनात हसली. माझं जेवण तिथेच संपलं.

खरं म्हणजे ही एकच खोली होती. घरमालकीणबाईंनी ती मधोमध प्लाय ठोकून दोन केली. आधी त्यांच्या या घराला मागे अंगण होतं, अंगणात विहीर होती, विहिरीशेजारी दोन जुनी झाडं होती, असं त्या स्वतःच सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज अगदी भरून येतो. पण झाडं तोडली त्यांनीच, विहीर बुजवली त्यांनीच, आणि तिथे खोल्या काढल्या त्याही त्यांनीच. "माणसं येतच राहिली हो," त्या म्हणतात, "दाराशी आलेल्याला नाही कसं म्हणणार?" जणू काही माणसं त्यांच्याकडे जेवायला आली होती. मग खोल्यांवर मजला चढला, मजल्यावर मजला, आणि वर चढायला जागा उरली नाही तेव्हा आतली जागा चिरायला सुरुवात झाली. आमच्या खोलीला एकच खिडकी. तिच्या बरोब्बर मधून प्लाय गेलं, म्हणून एक दार त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. वर छताशी हातभर फट ठेवलीय, हवा खेळावी म्हणून. हवा किती खेळते देव जाणे, पण बाकीचं सगळं मात्र छान खेळतं. खोकला, भांडी, फोडणीचा वास, कूस बदलणं, सगळं. आम्ही चौघांनी त्यातून एक रीत पाडून घेतली होती. कुणी कुणाशी ठरवली नाही, आपोआप पडली. पलीकडे रेडिओ मोठ्याने लागला की आम्ही दोघांनी चपला घालून गच्चीवर जायचं. आमचा रेडिओ मोठा झाला की त्यांनी जायचं. शेजारधर्म म्हणतात तो हा. फक्त त्यांचा रेडिओ जास्त वेळा लागायचा. मी मोजत नव्हतो. पण न मोजताही कळतंच ना माणसाला.

गच्चीवर गेलं की गाव दिसतं. गाव म्हणजे काय, डोंगर होता तो खडीसाठी निम्मा कापून नेलाय, त्याची पिवळी बाजू दिसते. त्याच्या अलीकडे टॉवर, टॉवरच्या अलीकडे पत्रे, आणि अगदी टोकाला तलावाची एक चकाकणारी पट्टी. ती पट्टी म्हणजे माझं पोट. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढतो. तलाव तोच, आणि त्याच्यातून निघणाऱ्या रेघा दर वर्षी वाढतात. नवीन वस्ती आली की नवीन रेघ. तलावात एके काळी बुडालेला जुना रस्ता आता उघडा पडलाय, त्याच्यावरून पोरं सायकली चालवतात. एकदा मी साहेबांना म्हटलं, साहेब, एवढ्या लाइनींना पाणी कुठून पुरणार? ते म्हणाले, "रेघ ओढायला पाणी लागत नाही. तू ओढ." मी ओढतो. आणि मग संध्याकाळी गच्चीवर उभा राहून बघतो, तर आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर आमच्यासारखीच माणसं उभी. जोडीजोडीने. कुणी कठड्याला टेकलंय, कुणी मोबाइल बघतंय, कुणी उगाच वाळलेले कपडे चाचपतंय. सगळ्यांच्या घरी शेजारचा रेडिओ लागलेला. पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी बायकोला दाखवलं. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "बिचारी," आणि बराच वेळ तिकडे बघत राहिली. म्हणजे इतका चांगला विनोद माझ्या हातात आयता आला होता आणि मला तो सांगता आला नाही.

त्याच्या आवाजाला मी नावं ठेवणार नाही. आवाज चांगला आहे. उबदार आहे, आणि त्याला कसली घाई नाही. घरी तो हळूच बोलतो, पण धंद्याची सवय, हळू बोललं तरी शब्दन् शब्द पोचतो. त्याची बायको त्याला "अरे" म्हणते. "अरे, ऐक ना." "अरे, वेडा आहेस का?" माझी बायको मला "अहो" म्हणते. लग्न ठरलं तेव्हापासून म्हणते, आणि मला ते आवडायचं. कारण आम्ही सहा भावंडं. मी चौथा. आई हाक मारायची तेव्हा तिला माझ्या नावापर्यंत यायला आधीची तीन नावं ओलांडून यावं लागायचं, आणि कित्येकदा ती तिसऱ्यावरच थांबायची, म्हणायची, "जो कुणी आहेस तो, इकडे ये." मला त्यात राग नव्हता, बिचारी किती जणांना पुरणार? शर्ट वरून उतरत यायचा, पुस्तकं वरून उतरत यायची, अंथरुणातली जागासुद्धा कुणी कूस बदलली की मिळायची. लग्न झालं आणि एक माणूस असं मिळालं की तिची हाक सरळ माझ्यावर यायची. वाटेत दुसरं कुणी नाही. "अहो" म्हटलं की मीच. म्हणून मी मूल नको म्हणालो असेन का? छे, तसं नाही. जागा नव्हती. नाहीच आहे जागा. सुरुवातीला ती विषय काढायची आणि मी म्हणायचो, जागा होऊ दे, मग बघू. ती म्हणायची, जागा होते का कुठे, करावी लागते. मग गेल्या वर्षापासून तिने विषय काढणं बंद केलं. मला वाटलं, पटलं असेल.

बायको घरी शाळेचे गणवेश शिवते. मशीन खिडकीच्या आमच्या अर्ध्यात आहे. मापं दर वर्षी तीच, ढीग मात्र दर वर्षी वाढतो. आता एकेका वर्गाचे कपडे इतके येतात की त्यांच्यावर डोकं टेकून झोपता येईल. एकटीने उरकेना, म्हणून पलीकडची त्याची बायको काज-बटणं करायला येऊ लागली. मीच म्हणालो होतो, घे मदतीला. काय बुद्धी झाली कुणास ठाऊक! मी संध्याकाळी घरी येतो तेव्हा मोरीत दोन कप असतात. फरशीवर दोघींच्या बसण्याच्या जागा असतात, दोऱ्यांचे तुकडे नसलेल्या. आणि माझी बायको माझ्याकडे बघून म्हणते, "आलात?" त्या "आलात"मध्ये काहीही नसतं, चांगलं नाही, वाईट नाही, पण दिवसभर काहीतरी भरपूर बोलून झालेल्या बाईचा तो आवाज असतो. मी विचारतो, काय बोलता गं दिवसभर? ती म्हणते, "बायकांचं." बस. मिठाची गुळणी.

त्या ठसक्यानंतर दोनच दिवसांनी मी ऑफिसातून परस्पर बसस्थानकावर गेलो. काम काही नव्हतं. शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे पोचवायला बायको तिथूनच गाडी पकडते, तेव्हा ती तिथे कुठे उभी राहत असेल ते बघावं, असं डोक्यात आलं. म्हणजे बघा माझी तऱ्हा! स्थानक म्हणजे नुसती माणसं. फलाट दिसतच नाही, डोकी दिसतात. गाडी लागली की डोक्यांचा लोंढा एका बाजूला कलतो आणि ती सुटली तरी तिथे तेवढीच डोकी उरतात. माझ्या पाठीला कुणाची तरी ट्रंक, पोटाला कुणाची तरी पोरगी, तोंडापाशी कुणाचा तरी घामट खांदा. आणि या सगळ्याच्या वरून कर्ण्यातून त्याचा आवाज आला. निळा सदरा घातलेली एक मुलगी चौकशीच्या खिडकीपाशी आहे, ती रडत नाहीये, ती बिस्किट खातेय, तिच्या आईने घाबरून न जाता सावकाश यावं. सावकाश यावं! इतक्या माणसांत त्याने त्या एका बाईशी एकटीशी बोलावं तसं सांगितलं. आजूबाजूची चारसहा माणसं हसली. एक म्हातारा म्हणाला, "बरा आहे हो हा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी तिथून हललो नाही. पुढची घोषणा होईपर्यंत थांबलो, मग तिच्या पुढचीही ऐकली. त्या आवाजाखाली उभं राहायला बरं वाटत होतं, हेच मला सहन होईना. म्हणजे तीही अशीच उभी राहत असणार. गठ्ठा पायाशी ठेवून, मान जराशी वर करून.

पुढे एक दिवस संध्याकाळी पलीकडे रेडिओ लागला, आम्ही वर गेलो. वारा नव्हता. खडीची धूळ हवेत लोंबत होती. बायको कठड्यावरची धूळ बोटाने पुसत म्हणाली, "त्यांच्याकडे आता तिसरं येणार."

"कुणी सांगितलं?"

"तिनंच. आणि कोण सांगणार?"

मी म्हणालो, "आणि राहणार कुठे? खोलीला दोन डोकी, असं मालकीणबाईंचं ठरलेलं आहे."

ती माझ्याकडे वळली. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं होतं, मला अजून तिचे ओठ आठवतात. मग ती म्हणाली, "सगळ्यात आधी तुमच्या मनात तेच येतं, नाही?" आणि पुन्हा तलावाच्या दिशेला बघायला लागली. मी म्हणालो, अगं, व्यवहार बघायला नको का? ती म्हणाली, बघा. ते मूल त्यांचं होतं, माझं त्यात काय गेलं होतं? पण मी सात वर्षं शहाण्यासारखा वागलो. मी जागेचा विचार केला, पाण्याचा विचार केला, दर वर्षी उघड्या पडणाऱ्या त्या रस्त्याचा विचार केला. आणि हा गडी रेडिओ लावतो काय, खिदळतो काय, आणि याला सगळं मिळतं! यांनी काही विचार करायचा नाही, आणि आम्ही मात्र गच्चीवर उभं राहायचं. वर माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर त्यांच्यासाठी आनंद. स्वतःच्या बहिणीसाठी झाला नसता इतका.

रविवारी तो आमच्या दारात आला. आत आला नाही, तेवढी रीत आहे त्याला. म्हणाला, "भाऊसाहेब, एक विचारायचं होतं. हे प्लाय नाहीच ठेवलं तर? काढून टाकलं तर चालेल का तुम्हाला? हवा येईल. एकाच खोलीत पडदाबिडदा लावून करू आपण काहीतरी." चौघं एका खोलीत? मी म्हणणार होतो, अहो तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? तेवढ्यात मागून माझ्या बायकोचा आवाज आला, "चालेल की. न चालायला काय झालं?" मशीनवरून न उठता. माझ्याकडे न बघता. जणू काही हे बोलणं आधी कधीतरी झालेलंच होतं आणि माझ्यापर्यंत फक्त निकाल आला होता. तो हसला. त्याच्या पाठीमागे त्याची बायको उभी होती, तीही हसली. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." दार लावलं. त्या दिवशी मी बायकोशी बोललो नाही, आणि ते तिच्या लक्षात आल्याचंही दिसलं नाही.

सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना मी खाली मालकीणबाईंच्या दाराशी थांबलो. भांडायला नाही, चुगलीला तर नाहीच. सहज विचारपूस. त्या टाकीचं झाकण उघडून आत डोकावत होत्या. मी म्हणालो, पलीकडची गोड बातमी कळली ना? त्यांना कळलेली नव्हती. आधी त्या खूशच झाल्या, अगदी गालावर हात ठेवून म्हणाल्या, "अगंबाई, हो का?" मी म्हणालो, हो ना, पण तुमचा तो दोन डोक्यांचा नियम. त्या म्हणाल्या, "छे हो, तान्ह्याचं काय डोकं मोजायचं? त्याला असं किती पाणी लागणार?" मी म्हणालो, "मालकीणबाई, मी ऑफिसात हेच करतो. तान्ह्या बाळाला दोन मोठ्या माणसांचं पाणी लागतं. लंगोट, दुपटी, बाळंतिणीची अंघोळ, येणारी-जाणारी. आणि तुमची लाइन शेवटची आहे. वर आणखी दोन वस्त्या जोडल्यात परवाच, मीच नकाशा काढलाय." सगळं खरं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी टाकीत बघितलं. टाकी अर्धीच होती, ती रोजच अर्धी असते. मी आणखी एकच वाक्य बोललो. "एकाला सोडलंत तर बाकीचे थांबतील का? सगळ्या मजल्यांवर पाळणे हलतील." मग मी घड्याळ बघितलं, उशीर झाला म्हणालो, आणि निघालो. वाटेत मला इतकं हलकं वाटलं की मी चक्क शीळ घातली.

महिना उलटायच्या आत ती दोघं गेली. तलावाचा गाळ उघडा पडलाय तिथे आता भूखंड आखलेत, पत्र्याच्या खोल्या झाल्यात, तिकडे गेली. तिथे पाण्याची रेघसुद्धा अजून कागदावरच आहे. निघताना तो माझा हात हातात घेऊन म्हणाला, "भाऊसाहेब, सांभाळून घेतलंत इतके दिवस." त्याला माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक. आवाजावरून काहीच कळत नाही, धंदाच तसला. दोघी बायका जिन्यात उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. पलीकडचीने माझ्या बायकोच्या कानात काही सांगितलं, हिने मान हलवली, आणि मी वरून ते बघितलं आणि मनात म्हणालो, सांगा, शेवटचं सांगून घ्या.

पुढचे काही दिवस मी मजेत होतो. खोटं कशाला बोलू? पलीकडे कुणी नव्हतं. मालकीणबाई नवीन भाडेकरू बघत होत्या. मी मोठ्याने बोलायचो, मोठ्याने जांभई द्यायचो. ऑफिसातल्या गमती सांगायचो. बायको ऐकायची, "हो का," म्हणायची. काज-बटणांचा ढीग तसाच पडून राहिला. एकदा मी रेडिओ मोठा केला, नुसता गंमत म्हणून. ती चपला घालून गच्चीवर निघून गेली. एकटीच.

काल मी घरी आलो तेव्हा ती मशीनपाशी नव्हती, पलंगावर बसली होती. दिवा लावलेला नव्हता. "आलात," ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "मी आज मालकीणबाईंकडे गेले होते. विचारायला, की पलीकडची अर्धी खोलीही आपल्याला मिळेल का. त्या म्हणाल्या, कशाला हवी? मी कारण सांगितलं. तर म्हणाल्या, अगं पण तुझ्याच यजमानांनी सांगितलंय, बाळाला दोन मोठ्या माणसांचं पाणी लागतं. त्यांच्यासाठी एक नियम आणि तुमच्यासाठी दुसरा, असं मी कसं करू?"

मी म्हणालो, "मी फक्त माहिती दिली. निर्णय त्यांचा..." आणि मग तिचं वाक्य माझ्यापर्यंत पोचलं. कारण सांगितलं. कुठलं कारण? ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि मला दिसलं की ती बरेच दिवस तशीच बसत होती, जरा मागे रेलून, कमरेला भिंतीचा आधार घेऊन.

"तिसरा महिना सरत आला," ती म्हणाली. "गच्चीवर सांगणार होते. त्यांचं आधी सांगून बघितलं, तुमचा चेहरा कसा होतो ते बघायला. मग धीर झाला नाही. तिला म्हटलं, काय करू गं? तर ती दोघं म्हणाली, प्लायच काढून टाकू. दोन बाळं, चार माणसं. तुम्ही ऑफिसात, तो स्थानकावर, आम्ही दोघी घरात. होईल म्हणाली ती. त्याने विचारलं ते त्यांच्यासाठी नव्हतं हो."

बाहेर कुणाची तरी बादली जिन्यावरून घरंगळत गेली. मला पुष्कळ बोलायचं होतं. मला तिच्या शेजारी बसायचं होतं, तिच्या पोटावर हात ठेवायचा होता, मालकीणबाईंच्या पायावर जाऊन पडायचं होतं, गाळावरच्या त्या वस्तीत जाऊन त्या दोघांना हाताला धरून परत आणायचं होतं. हे सगळं मला वाटलं, शपथ सांगतो, वाटलं. पण त्याच्या आधी, त्या सगळ्याच्या पुढे घुसून, दुसरंच काहीतरी माझ्या जिभेवर येऊन उभं राहिलं आणि ते मला मागे ढकलता आलं नाही.

"म्हणजे तिला आधी सांगितलंस," मी म्हणालो.

तिने मानेनेच हो म्हटलं.

"आणि त्याला? त्यालाही माझ्या आधीपासून माहीत होतं?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गच्चीवरच्या त्या जोड्यांकडे बघायची तसं, अगदी तसंच.

"तिने सांगितलं असेल त्याला," ती म्हणाली. "नवरा-बायको आहेत ती. बोलतात एकमेकांशी."